सोनाबाईचे सात हूक

हॅलो? … हॅलो, कोण? … समृद्धी? अगं आहेस कुठे तू? सकाळी आठपासून चार फोन केले मी. … चार. बघ की तुझ्याच मोबाइलमध्ये. … सायलेंटवर होता. वा. कॅज्युअल्टीत काम करायला निघालेली नर्स आणि फोन सायलेंटवर.

… हो, जेवतेय. स्किल लॅबमध्येच डबा उघडून बसलेय. … नाही गं, बोल तू. वालाचं बिरडं आहे, गार झालं तरी चालतं मला. आधी सांग, निघालीस का? तीनला तुझी फेरपरीक्षा आहे, विसरलीस? मैनामावशी इथे सोनाबाईला पुसूनबिसून तयार करतायत. … पुसायलाच लागतं, तुम्ही पोरं तिच्या छातीला जेल फासता आणि तशीच टाकून जाता. प्लास्टिकची बाहुली झाली म्हणून काय झालं, पेशंटच आहे ना ती.

काय? … परत बोल. … कुठे? … एस.टी. स्टँडवर? आपल्या पनवेलच्या? तिथे काय करतेस? … बॅग घेऊन. … कसली बॅग?

… उरणची गाडी. … म्हणजे घरी चाललीस. … अगं पण रजा कुठे टाकलीयस तू? मी सही केलेली नाही. … रजा नाही. … मग?

थांब. थांब, थांब. घास गिळू दे मला.

हं. आता बोल. … आयडी कार्ड कोमलकडे दिलंस. … तुझी रूममेट, हो, माहितीय मला कोमल कोण ती. … दोन्ही युनिफॉर्म धुऊन इस्त्री करून कॉटवर ठेवलेत. … कपाटाची चावी उशीखाली. … अगं बाई, निरवानिरव काय करतेस? नोकरी सोडायची तर ऑफिसात लिहून द्यावं लागतं, उशीखाली चाव्या ठेवून नोकरी सुटत नाही.

… मला सांगितल्याशिवाय जायचं नव्हतं म्हणून फोन केलास. … उपकार झाले. न सांगता गेली असतीस तर करंज्याला येऊन कान धरून आणली असती तुला. खरंच आले असते. तुझ्या बाबांचं घर विचारायला काय लागतं, दादू नाखवा म्हटलं की धक्क्यावरचं पोरगंही दाखवेल. त्या दिवशी तुला सोडायला आले होते तेव्हा माझ्या हातात सुक्या जवळ्याची पिशवी दिली आणि म्हणाले, 'बाय, पोरगी तुमच्या हवाली हाय.' एवढंच बोलले आणि गेले. आता मी त्यांना काय सांगू? जवळा खाल्ला आणि पोरगी हरवली?

… रडू नको. स्टँडवर रडलीस की चार बायका जमतील विचारायला. … गाडी लागलीय का? … लागलीय, पण कंडक्टर नाही आलेला. बरं. मग खालीच थांब. चढू नको एवढ्यात. … चढून बसलीयस. खिडकीपाशी. … बस मग, काय करणार.

अगं ऐक ना. एकदा नापास झालीस म्हणून पळायचं असतं का? … हो, हो… ऐक तर. हे ट्रेनिंग असतं कशाला? तीन आठवडे तुम्हाला खऱ्या पेशंटला हात लावू देत नाही, या एका खोलीत कोंडते, मी काचेमागे बसून माइकवरून 'आई गं, मेले गं' करते, ते कशाला? मला हौस आहे? … बरोबर. खऱ्या बाईऐवजी प्लास्टिकची बाई मरावी म्हणून. सोनाबाई गेल्या तीन वर्षांत दोनशे वेळा तरी मेली असेल. रात्री मावशी तिला पुसतात, सकाळी परत जिवंत.

मिथुनने काय केलं आठव. शॉकचं बटण दाबताना स्वतःच कॉटला टेकून उभा. खरं मशीन असतं तर एकाचे दोन पेशंट झाले असते. … आणि बिल्कीस? बाई बेशुद्ध पडलीय, नाडी लागत नाही, आणि ही विचारते, 'खाला, आधार कार्ड लाए क्या?' … हां. हसलीस. ऐकलं मी.

आणि तुझ्याबद्दल सांगू? मी स्तुती करत नाही कुणाची, मला ॲसिडिटी होते त्याने. पण रबराच्या हातातली ती डावी शीर आमच्या जुन्या स्टाफला सापडत नाही, तू पहिल्या फटक्यात घेतलीस. मी तेव्हाच मेट्रनना सांगितलं, ही मला कॅज्युअल्टीत पाहिजे, वॉर्डात पाठवली तर भांडेन. पळस्प्याच्या नाक्यावर रोज कोणी ना कोणी आपटतं, हायवेवरून माणसं टेम्पोत घालून आणतात, तिथे असा हात लागतो. आज तीनला पास झालीस की उद्यापासून कॅज्युअल्टी. नाही दिलीस तर तुझी जागा दुसऱ्याला जाते, मग मी काही करू शकत नाही. कळतंय ना तुला?

… कळतंय. मग? … नापास झाल्याचं नाहीच? … मग कशाचं?

… काय म्हणतात तुला? मोठ्याने बोल, मागे अनाउन्समेंट चाललीय. … ती पेणची आहे, तुझी नाही. … हं, काय म्हणतात?

… हूकवाली.

… नाही, नाही हसले. ठसका लागला. … बरं, हसले. जरासं. अगं हसतील त्यांचे दात दिसतील, तू कशाला मनावर घेतेस? मला ट्रेनिंगला असताना 'तांब्या' म्हणायचे, दोन वर्षं. … का ते सांगायला आत्ता वेळ नाही.

… हो, झालं ते विचित्रच झालं, तूच सांग. काय होती केस? बाजारात मासळी विकणारी बाई, पंचेचाळीस वर्षांची, पाटीवरच कोसळली. नाडी नाही, श्वास नाही. बिल्कीस छाती दाबतेय. तुझं काम एकच, शॉकचे पॅड लावायचे. पॅड उघड्या छातीवर लागतात, कापडावर नाही. म्हणजे ब्लाउज कात्रीने कापायचा, एक घाव दोन तुकडे. कात्री ट्रेमध्ये, तुझ्या हाताशी. … हो, आणि मैनामावशी सासू होऊन डोक्याशी उभ्या, 'कापू नको गो, नवा हाय, लग्नातला हाय.' … मीच सांगितलं होतं त्यांना ओरडायला. ब्लाउज मीच निवडला, घट्टातला घट्ट. आणि तू काय केलंस? कात्री खाली ठेवलीस, 'काकू, एकेक काढते हां' म्हणालीस आणि हूक काढायला लागलीस. सात हूक, वर सेफ्टी पिन. एक मिनिट चाळीस सेकंद. … मोजलं म्हणजे? मोजायचंच काम आहे माझं.

… मोठी बाई सांगते त्याच्यापुढे जायचं नाही, असं शिकवलंय घरी. … माहितीय गं. आमच्याकडेही तेच शिकवलं. … हो, आणि म्हातारीसमोर तिच्या सुनेच्या अंगावरचं कापड फाडायचं कसं, हेही बरोबर. पण त्यावर आपण तेव्हा तासभर बोललो की. त्या खोलीत बोललो, तुमच्या बॅचचे सहाजण आणि मी. ते हूकवाली म्हणत असतील तर मी आत्ता एकेकाला…

… ते नाही म्हणत? … मग कोण?

… नवी बॅच. … ती तर सोमवारी जॉइन झाली. त्यांनी तुला नीट पाहिलंही नसेल. त्यांना कसं कळणार की…

…

… हं.

… ऐकतेय. आहे मी फोनवर.

… हो. मी दाखवलं. … सोमवारी, पहिल्याच लेक्चरला. कॅमेऱ्यात रेकॉर्ड होतं ते सगळं, मी तेवढा तुकडा काढून… शिकवायला म्हणून दाखवलं गं. काय करू नये याचं उदाहरण म्हणून. आणि नाव नव्हतं घेतलं मी तुझं. … नाही घेतलं. … चेहरा कुठे दिसत होता? पाठमोरी होतीस तू. … शेवटी वळलीस. … हो. वळलीस. 'सिस्टर, निघाले सगळे' म्हणालीस कॅमेऱ्याकडे बघून. … हो, आहे त्यात ते.

… प्रणित कोण? … तो उंच, चष्म्यावाला. … तुमच्याच आळीतला? करंज्याचा? अगं मला कसं माहीत असणार, त्याच्या फॉर्मवर उरण लिहिलंय. … त्याने घरी सांगितलं. व्हिडिओ पाठवला का? खरं सांग. … नाही. नुसतं सांगितलं. बरं, तेवढं तरी. … त्याच्या आईने धक्क्यावर मासळीच्या लिलावात चार बायांना. … आणि त्यांच्यातली एक तुझी आई.

काय म्हणाली आई? … सांग गं. … 'बायांचे हूक काढायला एवढी शिकलीस काय गो?'

… अरे देवा.

… अगं मग घरी कशाला चाललीस? गोष्ट तर तुझ्याआधी तिथे पोचलीय. इथे नवी बॅच तेवढी हसतेय, तिथे अख्खा धक्का हसेल. … नाही, ते बरोबर नाही बोलले मी. विसर ते.

… हो. … हो, सह्या घेतल्या होत्या. पहिल्या दिवशी, तुम्हा सगळ्यांच्या. 'या खोलीत झालेलं या खोलीबाहेर जाणार नाही.' मीच टाइप केलं होतं ते. … माझी सही? … नाही. माझी नव्हती. मी घेणारी होते ना सह्या.

… हं. बोल. बोल तू, मी मध्ये बोलत नाही.

…

… कोण म्हणालं, मी हसले? … प्रणित म्हणाला. सगळ्यात आधी मीच हसले म्हणाला. … मला आठवत नाही तसं. … नाही, खोटं कशाला बोलू. हसले असेन. … हसले. 'काकू, एकेक काढते हां' ऐकून हसले. पोरं माझ्याकडे बघतच असतात, मी हसले की त्यांना परवानगी मिळाली.

समृद्धी, चुकलं माझं. … नाही, ऐक. घाईघाईत म्हणत नाहीये, गाडी सुटेल म्हणून म्हणत नाहीये. चुकलं. तुम्हाला सांगितलं होतं इथे चुका, पोटभर चुका, इथे तुम्हाला कोणी हसणार नाही. आणि मीच तुझी चूक उचलून परक्या पोरांपुढे ठेवली आणि दात काढले. तुला राग आला ते बरोबर आहे. यायलाच पाहिजे.

… कंडक्टर आला? … तिकिटं फाडतोय. कुठून, पुढून की मागून? … पुढून. तू कुठे बसलीयस? … मागे. म्हणजे अजून दहा-बारा माणसं आहेत मधे. तिकीट काढू नको. … बरं, काढ, तुझी मर्जी. पण फोन ठेवू नको. तुला एक सांगायचंय. आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही.

मावशी, दार लावा जरा. … नाही, बाहेर नका जाऊ. आतून लावा. बसा. तुम्हीही ऐका.

हं, समृद्धी. तुला कधी वाटलं नाही, मी सोनाबाईला ब्लाउज का घालते? दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊन बघ, त्यांच्या बाहुल्या उघड्याच असतात, नाहीतर पेशंटचा गाऊन. ब्लाउज, त्यावर पिन, आणि वर ओरडणारी सासू, हे कुठल्या पुस्तकात नाही. ते मी घातलंय. … सांगते ना का ते.

सत्त्याण्णव साल. मी बावीस वर्षांची, कोर्स संपून चारच महिने झालेले. गावात एक छोटं नर्सिंग होम होतं, आता नाही ते, तिथे दुकानं झालीत. तिथे मी लागले होते. एक दिवस दुपारी कोन गावाहून जीप आली. त्यांच्या घरी हळद होती. मांडवाच्या ओल्या बांबूतून करंट येत होता, कुणाच्या लक्षात नाही आलं. घरची मोठी सून, अठ्ठावीस वर्षांची, तिचा हात लागला. अंगावर सगळीकडे हळद. नवं लुगडं, नवा ब्लाउज. शॉकचं मशीन नुकतंच आलं होतं तिथे, तेव्हा पॅड नव्हते, इस्त्रीसारखे दोन ठोकळे असायचे. डॉक्टर दोन्ही हातात ते घेऊन उभे आणि मला म्हणाले, सिस्टर, छाती उघडी करा.

… हो. तेच.

सासू होती सोबत. तिने माझं मनगट धरलं. ओरडली नाही गं, मैनामावशी ओरडतात तशी. हळू म्हणाली, 'पोरी, चार बाप्यांत माझ्या सुनेला उघडी पाडू नको.' माझ्या आईसारखा आवाज होता. आणि मी… कात्री होती खिशात. माझ्या खिशातच होती. पण मी हूक काढायला लागले.

… ऐकतेयस ना? … हं.

हळदीने बोटं बुळबुळीत झालेली. निसटायचा हूक. डॉक्टर ओरडतायत, मला ऐकू येतंय आणि कळत नाहीये. मग त्यांनी मला बाजूला ढकललं आणि कापड हातानेच फाडलं. शॉक दिला. तीनदा दिला. … नाही. गेली ती.

डॉक्टर नंतर म्हणाले, वाटेतच गेली होती, तुमच्यामुळे काही नाही. म्हणाले खरे. मला काय माहीत, खरं होतं की मी लहान म्हणून म्हणाले. एक शब्द कोणी बोललं नाही मला. तिची सासू जाताना माझ्या पाया पडली. माझ्या. बावीस वर्षांच्या पोरीच्या. म्हणाली, बाई, तुम्ही लाज राखलीत.

… हं. … थांब, मावशी पाणी देतायत.

… किती निघाले होते? … पाच. पाच काढले होते मी. दोन राहिले होते.

… नाही, मोजत नव्हते तेव्हा. नंतर मोजले. अजून मोजते.

… म्हणून मी हे सगळं उभं केलं. मावशी, ब्लाउज, पिन. म्हटलं पुढच्या पोरीचं हे इथेच होऊन जाऊ दे, प्लास्टिकवर. तू केलंस ते बघून मला… तू स्वतःहून चुकली नाहीस. तू तीच चूक केलीस जी करायला मी तुला उभी केली होती. तुझ्यात काही खोट नाही.

… काय?

… विचार.

… मग तुम्ही हसलात कशा.

…

… बरोबर विचारलंस. … कळत नाही मला. खरंच नाही कळत. तू हूक काढत होतीस तेव्हा काचेमागे माझे हात गार पडले होते. आणि सोमवारी तेच पडद्यावर दिसलं तर हसू आलं. दुसऱ्याच्या हातून झालं की बरं वाटत असेल. चला, मी एकटी नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय. माझं इतकी वर्षं झाकून ठेवलं आणि तुझं दोन दिवसांत चव्हाट्यावर मांडलं. … हो. लाज वाटते मला. म्हणूनच सांगतेय ना.

… अजून काय विचारायचंय? विचार, आज तुझा दिवस आहे. … त्यानंतर कधी सासू समोर असताना ब्लाउज कापला का?

… कापले की. शंभर कापले असतील. … सासू समोर असताना? … नाही. … नाही गं. मी आधी नातेवाइकांना बाहेर काढते. 'बाहेर व्हा, बाहेर व्हा' करते ना मी, सगळे म्हणतात कुमुद सिस्टर फार कडक. कडकबिडक काही नाही. एकाही बाईला डोक्याशी उभी राहू दिलेलं नाही मी तेव्हापासून. … हो. म्हणजे मी ही परीक्षा कधी दिलेलीच नाही. तुला नापास केलं त्यात मी अजून बसलेलेच नाही. चांगली शोधून काढलीस.

… हॅलो? … हॅलो, आवाज तुटतोय. गाडी चालू केली का ड्रायव्हरने? … समृद्धी? … अगं हा इंजिनचाच आवाज आहे ना? … निघाली. … निघाली का? … बरं. बरं मग. जा. सांभाळून जा. बाबांना सांग की मी…

… काय? … तू कुठे आहेस? … खाली? … अगं मग गाडी? … गेली. … तुझ्याशिवाय गेली? … कधी उतरलीस तू? … कधी?

… पाच म्हटलं तेव्हा.

… हं. … नाही, काही नाही. जरा थांब. डोळ्यात गेलं काहीतरी. … बिरडं कसलं जातंय डोळ्यात, गप.

बॅग आहे ना हातात? … तिकीट काढलं नव्हतंस. … चला, तेवढं शहाणपण केलंस. मग आता रिक्षा पकड आणि ये. तीनला तुझी…

… अट? … कसली अट? … तू अटी घालणार आता मला. … घाल.

… मी द्यायची? ही परीक्षा? … कॅमेरा लावून. … सगळ्यांसमोर. … सगळे म्हणजे? तुमचे सहाजण. … नवी बॅचही. प्रणितसकट.

… अगं मी ट्रेनर आहे. मी नापास झाले तर उद्या त्यांना काय शिकवू? … नाही, 'नाही' म्हणत नाहीये. विचार करतेय. … आणि काचेमागे कोण बसणार? … तू. म्हणजे माइक तुझ्या हातात, आणि वेळ तू मोजणार. … हो, माझ्यासारखीच मोज. एक सेकंद सोडू नको.

… आणि ते सांगायचं? कोनच्या बाईचं? सगळ्यांना? … तुझं सगळ्यांनी पाहिलं म्हणून. … हं.

… बरं.

… बरं म्हटलं ना. सांगीन. आधी सांगीन आणि मग करीन. कोणी हसलं तर हसू दे. … आणि माझ्यानंतर तू देणार तुझी. शब्द? … शब्द. … नाही, तुला सूट नाही काही. तुलाही सात हूक, पिन, सासू, सगळं. कात्री लावली नाहीस तर परत नापास करीन, तेव्हा मात्र हसणार नाही.

आणि आईला मी फोन करते. … नाही, आज संध्याकाळीच करते. सांगते, तुमची पोरगी हूक काढायला शिकली नाही, तिला शिकवणारी बाईच… बघते काय सांगायचं ते. नंबर पाठवून ठेव.

ठेवू नको, एक मिनिट.

मावशी. … रडू नका हो तुम्ही. झालं ते. उठा, सोनाबाईला परत ब्लाउज घाला. … तोच, घट्ट. सातही हूक लावा, वर पिन. … तीनला नाही, ती तीनला देणार. अडीचला मी देतेय. … मीच. … तुम्ही डोक्याशी उभ्या राहा. रोजचं ओरडणं नको, ऐका, माझं मनगट धरायचं. घट्ट धरायचं. आणि हळू बोलायचं. … काय बोलायचं ते ऐकलंत ना आत्ता? … तेच.

… मी थांबले, रडले, काही झालं तरी सोडायचं नाही मनगट. मी सोडवून घेईपर्यंत सोडायचं नाही.

हं, समृद्धी. ऐकलंस? … मग ये लवकर, मला कॅमेरा लावता येत नाही नीट. … ये. ठेवते.